अडवलेली शेतवाट आणि मामलेदाराचे कोर्ट : एक प्रकरण अभ्यास

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर, प्रतिवादीने जेसीबी लावून आपल्या रानाच्या कडेने खोल चर मारला आणि चराच्या आत तारेचे कुंपण ओढले. त्या चराने एक वाट मधोमध तोडली. ही वाट डांबरी रस्त्यावरून निघून प्रतिवादीच्या गटातून आत जात होती आणि मागच्या दोन गटांपाशी संपत होती. मागचे गट दोन भावांचे. धाकटा भाऊ वारला आहे, त्याचा हिस्सा त्याची बायको कसते. थोरला दीर आणि भावजय असे दोघे या दाव्यातले वादी. प्रतिवादीने पुढचा गट तीन वर्षांपूर्वी विकत घेतला होता. जुना मालक असेपर्यंत वाटेवरून कधी शब्द झाला नव्हता.

हे प्रकरण एका गावचे नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात तहसील कचेरीसमोर येणाऱ्या रस्त्याच्या दाव्यांत ज्या गोष्टी पुन्हापुन्हा घडतात, त्या एकत्र करून ते अभ्यासासाठी मांडले आहे. म्हणून गावाचे नाव नाही, माणसांची नावे नाहीत. कायदा, कलमे आणि इतिहास मात्र जसा आहे तसाच आहे.

सुरुवातीचे पाच महिने वादींनी काय केले, ते आधी पाहू, कारण प्रकरणाची गाठ तिथेच आहे. पहिल्या दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले. अदखलपात्र नोंद झाली आणि ‘हा महसूलचा विषय आहे’ असे उत्तर मिळाले. मग गावात बैठका झाल्या. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन, प्रतिवादीचे सासरकडचे पाहुणे, सगळे मध्ये पडले. आषाढीनंतर बघू, गणपती होऊ द्या, दसऱ्याला बसू, असे चालले. सप्टेंबरात वादींनी कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून एक अर्ज लिहून घेतला. त्याचा विषय होता, ‘शेतात जाण्यासाठी रस्ता मिळणेबाबत’, आणि खाली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143. आवक शाखेत शिक्का मारून अर्ज घेतला गेला. मंडळ अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला गेला, तलाठ्याने (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) तो पाठवला. त्यात दोन ओळी होत्या : गाव नकाशावर रस्ता दिसून येत नाही, अर्जदारास ओढ्याच्या बाजूने पर्यायी मार्ग उपलब्ध आहे.

अर्ज चुकीच्या दाराने आत गेला होता. कलम 143 हे ज्याला वाटच नाही त्याच्यासाठी आहे. आपल्या जमिनीपर्यंत पोचायला दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याचा हक्क मागायचा असेल तर तहसीलदार या कलमाखाली चौकशी करतात आणि शेतकऱ्याची वाजवी गरज किती, हे पाहतात. तिथे पर्यायी मार्ग आहे का, हा प्रश्न रास्तच आहे. पण या वादींना नवा रस्ता नको होता. त्यांची चालू वाट कोणीतरी तोडली होती. त्यासाठी वेगळा कायदा आहे, मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906. त्याच्या कलम 5(2) प्रमाणे, शेतजमिनीचा ताबा, शेतीसाठीचे पाणी, किंवा शेताकडे जाणारा रस्ता अथवा वहिवाटीची वाट यांच्या वापरात कोणी कायद्याचा मार्ग सोडून अडथळा केला किंवा करू पाहिला, तर मामलेदाराला, म्हणजे आजच्या तहसीलदाराला, मनाई हुकूम देता येतो. अट एकच, पण कडक आहे : अडथळा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल झाला पाहिजे.

सहा महिन्यांचे हे घड्याळ जूनमध्येच सुरू झाले होते. बैठका चालू होत्या तेव्हाही ते चालूच होते. गावकीच्या समजुतीला मी कमी लेखत नाही; बांधाचे निम्मे वाद तिथेच मिटतात आणि मिटावेत. पण समजुतीच्या काळात मुदत थांबते असा जो समज गावोगाव आहे, त्याने जितक्या वाटा कायमच्या गेल्या असतील तितक्या जेसीबीनेही गेल्या नसतील.

आता 1906 च्या कायद्यातली एक तरतूद पाहावी लागेल. या सबंध प्रकरणात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. दाव्यात कोणते तपशील असावेत ते कलम 7 मध्ये आहे. आणि ते तपशील नसलेला साधा अर्ज घेऊन कोणी आले, पण विषय कलम 5 मध्ये बसणारा असला, तर काय करायचे ते कलम 8 सांगते : या कायद्याखाली कोणती दाद मिळू शकते हे मामलेदाराने त्या माणसाला समजावून सांगायचे, ती दाद हवी आहे का असे विचारायचे, आणि तो हो म्हणाला तर तसा शेरा मारून त्या अर्जालाच दावा मानायचे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वकील नव्हता. ज्याला कलम माहीत नाही आणि कदाचित लिहिताही येत नाही असा कुळंबी कचेरीत येऊन उभा राहील आणि मामलेदार त्याच्याशी बोलेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. सप्टेंबरात वादींचा अर्ज आला तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलले असते, नुसते ‘वाट आधी होती का?’ एवढे विचारले असते, तरी तोच अर्ज दावा झाला असता. तसे झाले नाही. अर्ज आवक झाला, टेबलावरून टेबलावर गेला आणि माणूस बाहेरच्या बाकावर राहिला.

नोव्हेंबरच्या अखेरीस तालुक्याच्या एका वकिलाने कागद पाहिले आणि पहिला प्रश्न चराच्या तारखेचा विचारला. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कलम 5(2) खाली रीतसर, पडताळणीसह दावा दाखल झाला. जुन्या अर्जावर विसंबून राहायचे नाही हा त्यांचा निर्णय योग्य होता. कलम 8 चा लाभ मागता आला असता, पण तो वाद घालण्यात हंगाम गेला असता.

या कोर्टाच्या वाट्याला हे काम आले कसे, ते कळले तर पुढचा निकाल नीट कळेल. पेशवाईत परगण्याचा वसूल, बंदोबस्त आणि न्याय ही कामे कमाविसदार-मामलेदारांकडे एकत्र असत. पण वतनाच्या किंवा हद्दीच्या वादात ते सहसा एकट्याने निवाडा करत नसत. वाद गोतापुढे, पंचायतीपुढे जाई. अग्रवादी आणि पश्चिमवादी (आजचे वादी आणि प्रतिवादी) दोघांच्या तक्रिरी, म्हणजे जबाब, लिहून घेत, निवाडा मान्य करू असा राजीनामा, म्हणजे संमतिपत्र, आणि जामीन आधीच घेत, आणि निकालाचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई. जिंकणारा हरकी (नजराणा) भरी, हरणारा गुन्हेगारी (दंड). गावशिवेच्या वादात महाराच्या साक्षीला मोठे वजन असे, कारण शीव रोज पायाखाली घालणारा तोच होता. ज्या माणसाला गावाने इतर वेळी वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत होती. जमिनीचे खरे ज्ञान कोणाजवळ आहे, हे त्या अन्यायी व्यवस्थेलाही नाकारता आले नव्हते.

1818 नंतर इंग्रजांचा अंमल आला. इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने मामलेदार ठेवले, पण 1827 च्या संहितेने दिवाणी न्यायाची वेगळी रचना पक्की केली. दिवाणी कोर्ट मालकी ठरवू लागले. कागद, साक्षीपुरावे, अपिले असा तो लांबचा रस्ता होता. शेताचे तसे नसते. ताबा गेला की पेरणी जाते, आणि डिक्री हाती येईपर्यंत किती हंगाम गेलेले असतात. या अडचणीवर मुंबई सरकारने 1864 च्या पाचव्या कायद्याने मामलेदारांना मर्यादित अधिकार दिला : असलेला ताबा राखणे आणि बेकायदा हिसकावलेला ताबा परत देणे. 1876 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि 1906 मध्ये आजचा कायदा.

या पदाचा इतिहास निर्मळ नाही, हेही सांगितले पाहिजे. 1888 च्या क्रॉफर्ड प्रकरणात, म्हणजे इंग्रज महसूल आयुक्त आर्थर क्रॉफर्डवरच्या लाचखोरीच्या चौकशीत, अनेक मामलेदारांनी बढती-बदलीसाठी पैसे दिल्याच्या कबुल्या अभयाच्या आश्वासनावर दिल्या. ते आश्वासन डळमळू लागले तेव्हा टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. मामलेदाराच्या हातात किती सत्ता होती आणि त्याच्या वरचा माणूस त्याला किती वाकवू शकत होता, दोन्ही त्यात उघडे पडले. स्वातंत्र्यानंतर न्याय आणि कारभार वेगळे करण्याचे पाऊल मुंबई राज्याने 1951 च्या कायद्याने टाकले. पुढे 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि फौजदारी खटले चालवणारा मामलेदार इतिहासजमा झाला. कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे प्रतिबंधक अधिकार तेवढे उरले. महसुली हक्कनोंदींच्या चौकश्यांपलीकडे, ज्याला कायदाच ‘न्यायालय’ म्हणतो असे त्याचे आसन 1906 च्या कायद्यातले.

दावा दाखल झाल्यावर समन्स निघाले आणि प्रतिवादीने म्हणणे दिले. त्यात चार मुद्दे होते. जमीन नोंदणीकृत खरेदीखताने माझी आहे. गाव नकाशावर वाट नाही. वादींना ओढ्याकडून जाता येते. आणि कुंपण जूनमधले नसून वर्षभरापूर्वीचे आहे, म्हणून दावा मुदतबाह्य आहे.

पहिले तीन मुद्दे जोरदार वाटतात, पण या कोर्टापुढे ते गैरलागू आहेत, आणि तहसीलदारांनी ते ओळखले ही या प्रकरणातली जमेची बाजू. अशा दाव्यात काय ठरवायचे ते कलम 19 ने बांधून दिले आहे : वादी वाटेचा प्रत्यक्ष वापर करत होता का, प्रतिवादी त्यात अडथळा करत आहे का, आणि तो अडथळा दाव्याच्या आधीच्या सहा महिन्यांत सुरू झाला का. मालकी यात कुठेच नाही. जमीन प्रतिवादीची आहे हे वादींनाही मान्यच होते. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जाते म्हणून तर दावा आहे. नकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो, पण नकाशा मोजणीच्या काळचा. गटवारी झाली, वाटण्या झाल्या, नवी राने पाण्याखाली आली, तशा वहिवाटीच्या वाटा नंतर पडल्या. कायद्यात ‘वहिवाटीची वाट’ हे शब्द वेगळे घातले आहेत ते अशाच वाटांसाठी. पर्यायी मार्गाचा प्रश्न 143 मधला. चालती वाट तोडणाऱ्याला ‘दुसरीकडून जा’ म्हणण्याची मुभा या कायद्यात नाही. प्रतिवादीला खरोखर वाटत असेल की आपल्या रानातून कोणाला हक्क नाही, तर दिवाणी कोर्टाचे दार उघडे होते. त्याने जेसीबी बोलावला. ‘कायद्याचा मार्ग सोडून’ म्हणजे हेच.

चौथा मुद्दा मात्र खरा होता, आणि तो कचेरीत बसून सुटणार नव्हता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्थळपाहणी झाली. दोन्ही बाजूंना आधी नोटीस दिली होती. तहसीलदार स्वतः आले. हे वेगळे सांगावे लागते, कारण पुष्कळदा पाहणी खालच्या कर्मचाऱ्यावर सोपवली जाते आणि दोन ओळींच्या अहवालावर निकाल होतो. सप्टेंबरातला अहवाल त्याच जातीचा होता. रानात उभे राहिल्यावर जे दिसले ते असे : कुंपणाच्या अलीकडे वादींच्या गटातून आलेली चाकोरी चरापर्यंत स्पष्ट होती आणि तिथे तुटली होती. पलीकडे प्रतिवादीने नांगरून सोयाबीन घेतले होते, काढणीही झाली होती, तरी डांबरी रस्त्याला लागताना वाटेचा भराव आणि त्याखाली टाकलेली सिमेंटची नळी शाबूत होती. ज्या रानात वाट नव्हती तिथे नळी टाकून भराव करायचे कोणाला कारण नव्हते. ओढ्याकडचा ‘पर्यायी मार्ग’ म्हणजे बांधावरची पायवाट निघाली. तिथून बैलगाडीसुद्धा जाणार नाही, उसाने भरलेली ट्रॉली तर दूरच.

पंचनाम्यात हे सगळे आले, हातनकाशा जोडला गेला आणि शेजाऱ्यांचे जबाब तिथेच नोंदवले गेले. प्रतिवादीच्या बाजूने बोलावलेल्या एका शेजाऱ्यानेही उलट प्रश्नात सांगितले की गेल्या हंगामात वादींचा ऊस याच वाटेने गेला. कारखान्याच्या वजनपावत्या फेब्रुवारीच्या होत्या. त्यांच्यावर वाट लिहिलेली नसते, पण ऊस फेब्रुवारीत ट्रॉलीने बाहेर पडला आणि ट्रॉली जाईल अशी दुसरी वाट जागेवर नाही, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की वर्षभरापूर्वीच्या कुंपणाचा दावा उभा राहत नाही. भावजयीने जुन्या खरेदीखताची नक्कल दिली होती, त्यात ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह’ असे शब्द होते. तहसीलदारांनी त्याचा वापर हक्क ठरवायला केला नाही, वापर किती जुना याच्या पुष्टीसाठी केला. हा फरक त्यांनी निकालपत्रात लिहिला, आणि पुढे पुनरीक्षणात, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने केलेल्या तपासणीत, निकाल टिकला याचे एक कारण ते होते.

जानेवारीत आदेश झाला. कलम 19 चे तिन्ही मुद्दे वादींच्या बाजूने. प्रतिवादीने वाटेच्या वापरात अडथळा करू नये अशी मनाई. आणि चर व कुंपण तसेच राहिले तर अडथळा रोजच चालू राहील, म्हणून वाटेपुरता चर बुजवून कुंपण काढावे, असे स्पष्ट वाक्य. वादींनी वीस फुटी रस्ता मागितला होता, तो नाकारला. वापरात होती तेवढीच, ट्रॉली जाण्याइतकी वाट. वादी त्यावर नाराज झाले. माझ्या मते आदेशाचा हा भाग सगळ्यांत नेमका आहे. हे कोर्ट कालपर्यंत जे चालू होते ते परत चालू करते. त्यात फूटभर भर घालायचा अधिकार त्याला नाही, आणि अशी भर घातलेले आदेशच वर जाऊन पडतात.

या आदेशावर अपील नाही, कायद्यानेच नाही. पण कलम 23 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना कागदपत्र मागवून तपासण्याचा अधिकार आहे आणि तो बहुधा प्रांत (उपविभागीय अधिकारी) चालवतात. प्रतिवादीने पुनरीक्षण अर्ज केला आणि पहिल्याच तारखेला ‘जैसे थे’ आदेश मिळवला. जैसे थे म्हणजे कोणत्या दिवसासारखे? चर मारण्याआधीच्या, की चर मारल्यानंतरच्या? आदेशात ते नव्हते. परिणाम असा की चर तसाच राहिला. खालच्या कोर्टाने सहा महिन्यांच्या आतला अडथळा मोडून काढला होता, वरच्या एका ओळीने तो आणखी तीन महिने जपला. फेब्रुवारीत तोडणी टोळी आली आणि वाट नाही म्हणून दुसऱ्या फडात गेली. ऊस मार्चअखेर तिसऱ्याच शेजाऱ्याच्या रानातून, त्याच्या पिकाची भरपाई देऊन काढावा लागला. तोवर उन्हाने वजन घटले होते. ज्या कोर्टाचे सगळे प्रयोजन हंगाम वाचवण्याचे, त्याच्या निकालावर अशी कोरी स्थगिती देताना निदान तात्पुरती वाहतूक चालू ठेवण्याची अट घालता आली असती. ती घालायला हवी होती.

एप्रिलमध्ये पुनरीक्षण फेटाळले गेले. प्रांतांनी पुरावा नव्याने तोलला नाही. मुद्दे कलम 19 प्रमाणे काढले का, दोन्ही बाजूंना संधी मिळाली का, पाहणी नोटिशीने झाली का, एवढेच तपासले. मे महिन्यात मंडळ अधिकारी पोलीस बंदोबस्तात गेले, चर बुजवला, कुंपण बाजूला केले, ताबेपावती आणि पंचनामा केला. आदेश मोडला तर भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली कारवाई होऊ शकते, हे प्रतिवादीला समजावून सांगितले गेले. यावेळी कचेरीने समजावून सांगितले, याची नोंद घ्यावीशी वाटते.

वाद इथे संपलेला नाही. प्रतिवादीने दिवाणी कोर्टात दावा लावला आहे : आपल्या गटातून वादींना वाटेचा हक्क नाही असे जाहीर व्हावे. तो त्याचा अधिकार आहे, आणि तीच या प्रकरणात कायद्याने चालायची पहिली पायरी होती. आता प्रश्न सुविधाधिकार अधिनियम, 1882 खाली जाईल. सलग वीस वर्षे, उघडपणे आणि हक्क म्हणून वापर झाला का, हे वादींना सिद्ध करावे लागेल. स्थळपाहणीचा पंचनामा, नळीचा उल्लेख, शेजाऱ्यांचे जबाब तिथे उपयोगी पडतील, पण बंधनकारक ठरणार नाहीत. दिवाणी कोर्ट वेगळा निर्णय देईपर्यंत मामलेदार कोर्टाचा आदेश अमलात राहतो, असे कलम 22 सांगते. वादींनी दरम्यान एक काम हाती घेतले आहे : प्रतिवादीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत या वाटेची नोंद व्हावी म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत जोडून अर्ज दिला आहे. भावजय स्वतः तो घेऊन कचेरीत गेली आणि पोच घेताना अर्ज कोणत्या कलमाखाली घेतला हे विचारून आली.